भर एप्रिलात अंगकोर!

एप्रिल महिन्यात कंबोडियाला कोण जातं, असं आम्हाला घरीदारी सगळ्यांनी विचारलं होतं. आम्ही गेलो, आणि परत आल्यापासून भेटेल त्याला सांगत सुटलो आहोत : जा, आणि एप्रिलमध्येच जा! पाठीवर एक सॅक, सोबत जिवाभावाची मैत्रीण आणि लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी. एवढ्या शिदोरीवर एक अख्खा देश तुमच्याशी बोलायला लागतो. भिंती बोलतात, बाजार बोलतो, तळ्याचा आटलेला काठसुद्धा बोलतो. पावलोपावली एकमेकींचं मनगट धरून "अगं, हे बघ!" असं ओरडण्याची वेळ याआधी कुठल्याच प्रवासात आमच्यावर आली नव्हती.

आधी उन्हाबद्दल सांगते, कारण बाकी सगळं त्यामुळेच घडलं. एप्रिल हा कंबोडियातला सर्वांत तापलेला काळ. पारा सहज अडतिसावर, हवा दमट, वारा पडलेला. पण तिथली माणसं उन्हाशी भांडत बसत नाहीत. दिवसच त्याच्या कलाने आखून घेतात. पहाटे उजाडायच्या आत बाजार भरतो. दहा-अकरापर्यंत जड कामं उरकतात. मग उंच खांबांवरच्या घराखाली सावलीत हॅमॉक टांगले जातात, पोरंसोरं, म्हातारी माणसं, कुत्री सगळी विसावतात, आणि चार वाजले की गाव पुन्हा उठून उभं राहतं. आम्हीही दुसऱ्या दिवसापासून हेच वेळापत्रक उचललं. बाजारातून क्रामा घेतले. क्रामा म्हणजे चौकटीचा सुती पंचा. तो पाण्यात भिजवून डोक्याला गुंडाळायचा, घाम पुसायचा, त्यात फळं बांधायची, बसायला पसरायचा, मंदिरात खांद्यावर घ्यायचा. शेतकऱ्यापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांच्या गळ्यात तो असतो, आणि तो ओला करून डोक्यावर ठेवला की पुढचा तासभर चालायची ताकद येते.

आणि मग उन्हाने आम्हाला त्याची खरी भेट दिली. अंगकोर वाट मंदिर पहाटे पाचला उघडतं. पश्चिमेच्या तळ्याकाठी सूर्योदय बघायला मोठी गर्दी जमते, आणि तो सूर्योदय आहेच तसा : पाच शिखरं आधी काळी, मग जांभळी, मग एकदम सोन्याची. पण दहा वाजले की बहुतेक पर्यटक गाड्यांत बसून गावात जेवायला आणि एसीत झोपायला निघून जातात. आम्ही राहिलो. कारण मंदिराला चारही बाजूंनी दगडी छताच्या पडव्या आहेत, आणि त्या भर दुपारीही गार असतात. खाली गार दगड, समोर शेकडो मीटर लांबीची कोरलेली भिंत, आणि आसपास माणूस नाही!

त्या भिंतीवर काय आहे? सगळं आहे! पश्चिमेच्या भिंतीवर एका अंगाला कुरुक्षेत्र, दुसऱ्या अंगाला लंकेचं युद्ध. कौरव डावीकडून, पांडव उजवीकडून चालून येतात. सुरुवातीला रांगा शिस्तीत असतात, पावलं एका तालात पडतात, आणि जसजसं मध्याकडे जावं तसतशी हातघाई, हत्ती, मोडलेले रथ, पडलेली शरीरं. आम्ही भिंतीला हात न लावता, नाक जवळजवळ टेकवून, एकेक आकृती वाचत चाललो होतो, आणि माझी मैत्रीण एकदम थबकली. वरच्या बाजूला एक म्हातारा योद्धा आडवा पडलेला, अंगभर बाण, भोवती माणसं जमलेली. "भीष्म," ती म्हणाली, "अगं, शरपंजरी भीष्म!" आम्हाला ते सांगायला ना फलक लागला, ना पुस्तक, ना गाइड. राजा दुसऱ्या सूर्यवर्म्याच्या कारागिरांनी बाराव्या शतकात जे कोरलं, ते आम्ही घरच्या आठवणीवर वाचत होतो.

दक्षिणेच्या भिंतीवर यमाचा दरबार. अनेक हातांचा यम रेड्यावर बसलाय, आणि पुढे न्यायनिवाडा करणारा चित्रगुप्त. वरच्या पट्ट्यांत स्वर्गात जाणारे पालख्यांतून निघालेत, खालच्या पट्ट्यात पाप्यांना वेसण घालून ओढत नेलंय. एकूण ३७ स्वर्ग आणि ३२ नरक! आणि पूर्वेला, सुमारे ४९ मीटर लांबीच्या एकाच अखंड पटात समुद्रमंथन. मध्ये विष्णू, त्याच्या खाली कूर्म, वासुकीच्या फण्याकडे असुर, शेपटीकडे देव. गुडघे वाकवून, पाठ मागे टाकून सगळे एका दमात ओढताहेत. खाली समुद्रात मासे, मगरी, नाना जलचर पोहताहेत, आणि रवीच्या जवळ जावं तसे ते मासे तुटलेले, चिरडलेले दिसतात, कारण घुसळण तिथे सर्वांत जोरात आहे! कुणा अनाम कारागिराने एवढा विचार केला होता. आम्ही त्या भिंतीसमोर उठत-बसत अख्खी दुपार काढली.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. शेपटीच्या टोकाला देवांच्या बरोबरीने एक मोठा वानर वासुकीला ओढतोय. अनेक अभ्यासक त्याला हनुमान मानतात. आपल्या गोष्टीत समुद्रमंथनाला हनुमान नसतो. त्यांच्या गोष्टीत आहे! हे पाहिलं आणि मला या देशाकडे बघायची नजर मिळाली. आपल्या गोष्टी तिकडे गेल्या एवढ्यावर थांबलं तर अर्धंच कळतं. ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या लोकांनी त्या गोष्टी ऐकल्या, आपल्याशा केल्या, वाढवल्या, त्यांत आपली माणसं, आपले मासे, आपली झाडं घातली. आपण तिथे अभिमान मिरवायला जाऊ नये. ओळखीची गोष्ट दुसऱ्या माणसाच्या तोंडून नव्याने ऐकायला जावं. तो आनंद फार मोठा आहे.

बांते स्राय या मंदिरात तर आम्ही अक्षरशः नाचलो. अंगकोरशेजारच्या सिएम रीप गावापासून ते सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. मंदिर लहानसं, गुलाबी-तांबूस वालुकाश्माचं, आणि नक्षी इतकी खोल आणि बारीक की दगड आहे यावर विश्वास बसत नाही. तिथल्या एका अर्धगोल शिल्पपटात रावण कैलास हलवतोय. पर्वत पायऱ्यापायऱ्यांचा, त्यावर घाबरलेले ऋषी आणि प्राणी, शिखरावर शिव, आणि त्याला बिलगलेली पार्वती. वेरूळच्या कैलास लेण्यात हाच प्रसंग आम्ही शाळेच्या सहलीपासून बघत आलोय! वेरूळचं कैलास आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळातलं. बांते स्रायची प्रतिष्ठापना इ. स. ९६७ मधली, यज्ञवराह नावाच्या राजगुरूने केलेली. दोहोंमध्ये दोनशे वर्षं आणि एक समुद्र. वेरूळचा रावण डोंगराच्या पोटात अंधारात ताकद लावतो, इथला उघड्या उन्हात. दुसऱ्या एका पटात खांडववन जळतंय आणि इंद्र वरून पाऊस पाडतोय. तो पाऊस चक्क तिरप्या रेघांनी कोरलाय. त्या तापलेल्या दगडात पाऊस बघताना जे वाटलं ते शब्दांत येत नाही.

आणि मंदिराचा सन? शिलालेखांत तो शकात दिलेला आहे! बांते स्रायचा शक ८८९. आपल्या पंचांगाच्या मुखपृष्ठावर जो शक छापतात, तोच मोजत हे लोक मंदिरं उभारत होते. हे कळल्यावर आम्ही प्रत्येक शिलालेखासमोर थांबून इ. स. काढायला ७८ मिळवत बसायचो.

माझी मैत्रीण स्थापत्य अभियंता आहे, आणि तिच्यामुळे मला एक वेगळंच अंगकोर दिसलं. मी गोष्टी बघत होते, ती पाणी बघत होती. अंगकोर वाटच्या भोवतीचा खंदक सुमारे १९० मीटर रुंद आहे. तिने मला समजावलं की एवढं अवाढव्य मंदिर वाळूच्या पायावर उभं आहे, ती वाळू ओली राहिली तरच भार पेलते, आणि भूजलाची पातळी टिकवायला हा खंदक मदत करतो. भिंतीच्या दगडांना जागोजाग गोल भोकं दिसतात. दगड उचलण्या-हलवण्यासाठी ती पाडलेली. दगड आला कुलेन डोंगराच्या पायथ्याकडून, कालव्यांतून पाण्यावरून. आणि पश्चिम बराय! सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरहून जास्त रुंद असं अकराव्या शतकातलं तळं. ते खणून केलेलं नाही, चारी बाजूंनी बांध घालून जमिनीच्या वर पाणी अडवलंय. एप्रिलच्या संध्याकाळी अख्खं सिएम रीप तिथे येतं. काठावर चटया टाकलेले मचाण, भाजलेली कोंबडी, कच्चा आंबा आणि तिखट-मीठ, पाण्यात डुंबणारी पोरं. हजार वर्षांपूर्वीच्या जलाशयात आम्हीही पोहलो, आणि दिवसभराचं ऊन अंगातून उतरून गेलं.

बायॉन मंदिराला सगळे शिखरांवरच्या विशाल दगडी चेहऱ्यांसाठी जातात. ते हसरे चेहरे बघाच, पण मग खाली उतरून बाहेरची भिंत बघा. राजा सातव्या जयवर्म्याच्या काळातल्या, साधारण १२००च्या आसपासच्या त्या भिंतीवर शेजारच्या चाम लोकांच्या सैन्याशी झालेल्या लढाया आहेत, आणि त्यांच्या पायाशी साधी माणसं आहेत. बाजार आहे, कोंबड्यांची झुंज आहे, पटावर खेळणारे दोघे आहेत, बाळंत होणारी बाई आहे, चुलीवर रटरटणारं भांडं आहे, काडीला टोचून भाजायला ठेवलेले मासे आहेत. बाजारात तराजू घेऊन बसल्यात त्या बायका. १२९६ मध्ये इथे आलेल्या चौ ताकुआन या चिनी अधिकाऱ्यानेही लिहून ठेवलंय की या देशात व्यापार बायकाच करतात. संध्याकाळी आम्ही सिएम रीपच्या बाजारात गेलो, आणि मासळीपासून सोन्यापर्यंत गल्ल्यावर कोण होतं? बायकाच!

त्याच राजाने ११८६ मध्ये बांधलेल्या ता प्रोमच्या भिंती आज झाडांच्या मुळांनी कवटाळल्यात. ती मुळं कापली तर भिंत पडेल, नाही कापली तरी कधीतरी पडेल, अशा पेचात जपणुकीचं काम चालतं, आणि ते काम करण्यात आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचाही वाटा आहे. पण मला मुळांपेक्षाही तिथल्या शिलालेखातली माहिती जास्त भावली. मंदिराच्या सेवेतली माणसं, तांदूळ, मध, मेण, कापड यांचे हिशेब त्यात आहेत, आणि राज्यभरात १०२ रुग्णालयं असल्याची नोंद आहे. एवढ्या मोठ्या राजाने रुग्णालयं मोजून दगडावर लिहून ठेवावीत, याने मी भारावून गेले.

खाण्याबद्दल बोलायचं तर मला थांबवावं लागेल! पहाटे नुम बान्ह चोक : तांदळाच्या ताज्या शेवया, वर गवती चहा, हळद आणि माशाचा हिरवट रस्सा, त्यावर केळफूल आणि चिरलेली काकडी. उन्हात हा नाश्ता पोटाला गार वाटतो. रस्त्यावर नुम क्रोक, आपल्या आप्प्यांसारख्याच खळग्यांच्या तव्यावर तांदळाच्या पिठाचे आणि नारळाच्या दुधाचे. केळीच्या पानात उकडलेला मासा, आमोक. बांबूच्या नळीत भाजलेला चिकट भात, क्रालान. आणि कांपोतची मिरी! दक्षिणेच्या किनाऱ्यालगत पिकणाऱ्या या मिरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मिरी भरडून त्यात मीठ घालायचं, वर लिंबू पिळायचं, आणि त्यात मांस बुडवून खायचं. एवढ्या साध्या गोष्टीने जिभेवर असा उजेड पडतो!

बांते स्रायच्या रस्त्यावर प्रेआह दाक गावात ताडाचा गूळ शिजतो. ताड हा कंबोडियाचा राष्ट्रीय वृक्ष. माणूस बांबूच्या शिडीने सरसर वर चढतो, पोगा बांधलेला असतो तिथली बांबूची नळी उतरवतो, आणि खाली बायका मोठ्या कढईत तो रस आटवत ढवळत उभ्या असतात. एका मावशींनी आम्हाला सावलीत बसवलं, गरम गूळ ताडाच्या पानावर दिला, वर ताडगोळे सोलून दिले. माझी मैत्रीण पालघरची. ताडगोळा हातात येताच तिचं तोंड जे उजळलं! तिने तो एका झटक्यात सालीतून मोकळा करून दाखवला, मावशी टाळ्या वाजवून हसल्या, आणि मग भाषेवाचून आमच्या तासभर गप्पा झाल्या.

एप्रिलमध्येच जा म्हणण्याचं आणखी एक कारण म्हणजे ख्मेर नववर्ष. सूर्य मेष राशीत जातो त्या सुमाराला, एप्रिलच्या मध्यावर, तीन दिवस अख्खा देश सुट्टीवर असतो. शहरं रिकामी होतात, माणसं गावी जातात. विहारांत बुद्धमूर्तींना सुगंधी पाण्याने स्नान घालतात, वाळूचे लहान स्तूप रचतात, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही पाण्याने न्हाऊ घालतात. रस्त्यावर पोरं पाण्याच्या पिचकाऱ्या घेऊन उभी, आणि तोंडाला पावडर फासणं चाललेलं. आम्हाला कुणी परकं मानलं नाही. डोक्यापासून पायापर्यंत भिजवलं, पावडर फासली, नाचाच्या गोलात ओढलं. त्या उन्हात कुणी अंगावर बादलीभर पाणी ओतावं यासारखं सुख नाही.

तोन्ले साप तळंही उन्हाळ्यातच बघा. पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी फुगते की तळ्यातून तिच्याकडे वाहणारी तोन्ले साप नदी उलटी फिरते आणि पाणी तळ्यात भरू लागतं. कोरड्या दिवसांत साधारण अडीच हजार चौरस किलोमीटरचं तळं कित्येक पटींनी पसरतं. एप्रिलमध्ये पाणी खाली गेलेलं असतं, म्हणून कांपोंग प्लुक गावात घरांचे उंचच उंच खांब उघडे दिसतात. पावसाळ्यात जिथून होडी जाते तिथून आम्ही मान वर करून चालत गेलो. खांबांवर पाण्याच्या खुणा आमच्या डोक्याच्या किती तरी वर होत्या. माझी अभियंता मैत्रीण तिथून हलायलाच तयार नव्हती.

शेवटी राजधानी नॉम पेन्ह. या शहरात दोन ठिकाणी गेल्याशिवाय परतू नका. एक, राष्ट्रीय संग्रहालय. मेकाँगकाठच्या सांबोर इथला एक शिलालेख तिथे आहे. त्यात शक ६०५, म्हणजे इ. स. ६८३, आणि कृष्ण पंचमीचा उल्लेख आहे. सहा आणि पाच यांच्यामध्ये एक ठिपका कोरलाय. तो ठिपका म्हणजे शून्य, जगातल्या सर्वांत जुन्या ज्ञात शून्यांपैकी एक! ख्मेर रूजच्या क्रूर राजवटीच्या काळात हा दगड हरवला होता आणि २०१३ मध्ये अमीर अॅक्झेल या गणिताच्या लेखकाने तो पुन्हा शोधून काढला.

दुसरं ठिकाण तुओल स्लेंग. एक शाळा, जिचा ख्मेर रूजने तुरुंग आणि छळछावणी केली. १७ एप्रिल १९७५ला त्यांनी नॉम पेन्ह घेतलं आणि याच उन्हात अख्खं शहर, इस्पितळातल्या रुग्णांसकट, रस्त्यावर चालायला लावून रिकामं केलं. पुढच्या चार वर्षांच्या आतच या छोट्या देशाची पंधरा ते वीस लाख माणसं गेली. २०२५ मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली. वर्गखोल्यांतून फिरताना आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. पण इथे आल्यावरच कळतं की नववर्षाला आमच्यावर पाणी ओतणारी, हसणारी, परक्याला सावलीत बसवून गूळ देणारी ही माणसं कशातून उठून उभी राहिली आहेत. त्या हसण्याची किंमत त्यानंतर कैक पटींनी वाढते.

मित्र किंवा मैत्रीण हवीच, हेही ठासून सांगते. एकटीने हे सगळं मला निम्मंच दिसलं असतं. मला भीष्म दिसले असते तर खंदक दिसला नसता. आणि पाठीवर सॅक घेऊन, टुकटुक आणि सायकलने, हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये राहून हिंडलं की माणसं आपोआप भेटतात, खर्चही हातात राहतो.

निघणाऱ्यांसाठी थोडक्यात. पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, सुटे पैसे रिएलमध्ये मिळतात, साधारण चार हजाराला एक डॉलर. मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणून सैल सुती कपडे घ्या. पाण्यात मीठ-साखर घालून ठेवा, टोपी विसरू नका. पश्चिमेची पडवी सकाळी बघा, समुद्रमंथनाची पूर्वेची पडवी दुपारी, म्हणजे दोन्ही वेळा सावली मिळेल. निघण्याआधी महाभारताची एखादी सुटसुटीत आवृत्ती पुन्हा वाचा.

आणि तिकिटाच्या खिडकीवर एक दिवसाचा पास मुळीच मागू नका. तो ३७ डॉलरचा, तर तीन दिवसांचा ६२चा आहे, आणि ते तीन दिवस दहा दिवसांच्या मुदतीत कधीही वापरता येतात. तीन दिवसांचाच घ्या, आणि त्यातली एक पूर्ण दुपार फक्त भिंतीसमोर बसण्यासाठी राखून ठेवा.